प्रोबेशन म्हणजे नेमकं काय? नवा माणूस कामावर घेताना लागणारे शब्द

(पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयसीचं काम आमच्याकडे देणाऱ्या लघुउद्योजकांसाठी)

"आधी तीन महिने बघू, मग नाव चढवू," असं बहुतेक वर्कशॉपमध्ये सहज म्हटलं जातं. बघायला काहीच हरकत नाही. नाव मात्र पहिल्या दिवशीच चढलं पाहिजे.

प्रोबेशन, म्हणजे सरकारी कागदांतला परिविक्षा कालावधी. जागा कायमची असते आणि त्या जागेवर माणूस पारखण्यासाठी घेतलेला असतो. या काळात त्याचं काम, हजेरी आणि वागणूक बघून त्याला कायम करायचं की नाही ते ठरतं. माणूस पारखला जात असला, तरी तो कामगारच असतो. त्याला किमान वेतन, ओव्हरटाइम, साप्ताहिक सुट्टी हे सगळं लागू होतं.

ईएसआयसीचंच, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचंच बघा. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत, महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्याची नोंद रुजू झाल्याबरोबर व्हायला हवी. पॉवर प्रेसवर तिसऱ्याच दिवशी एखाद्याचं बोट सापडलं, तर कामावरच्या इजेच्या लाभासाठी आधी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. पण नोंदच केली नसेल, तर महामंडळ दिलेल्या लाभाची रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. पीएफ वीस माणसांपासून लागू होतो आणि तिथेही प्रोबेशनच्या नावाखाली सूट नाही. ग्रॅच्युइटीची सेवा मोजतात ती रुजू झाल्याच्या तारखेपासून, कायम झाल्याच्या तारखेपासून नव्हे.

आसपासचे शब्द

टेम्पररी कामगार ठरावीक, संपणाऱ्या कामासाठी असतो. बदली कामगार दुसऱ्याच्या गैरहजेरीत उभा राहतो. मुंबईच्या गिरण्यांमुळे हा शब्द घराघरांत पोचला. मुदतीच्या नेमणुकीत शेवटची तारीख आधीच ठरलेली असते आणि नव्या कामगार संहितांनुसार एक वर्ष सेवा झाली की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी द्यावी लागते. शिकाऊ उमेदवार म्हणजे अप्रेंटिस. त्याचा 1961 च्या कायद्याखाली नोंदवलेला करार असतो आणि त्याला पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं. असा करार नसताना लेथवर पूर्ण पाळी करणाऱ्या मुलाला रजिस्टरमध्ये "ट्रेनी" लिहिलं म्हणून तो शिकाऊ होत नाही. तपासणीत तो कामगारच धरला जाऊ शकतो, आणि आमच्या मते ते योग्यच आहे.

कायम करणे, मुदतवाढ आणि मौन

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. समजा, सीएनसी ऑपरेटर 1 जूनला रुजू झाला आणि पत्रात तीन महिने लिहिले आहेत. 31 ऑगस्ट उलटला, तो कामावर येतोच आहे, दिवाळीत पगारही वाढवला, पण पत्र काही निघालं नाही. तो कायम झाला का? न्यायालयांचा सर्वसाधारण कल असा, की मुदत संपली एवढ्यावरून माणूस आपोआप कायम होत नाही. पण नियमांत प्रोबेशनची कमाल मर्यादा घातलेली असेल आणि ती ओलांडूनही त्याला ठेवलं असेल, तर तो कायम झाला असं मानलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये धरमसिंग प्रकरणात हेच म्हटलं. महाराष्ट्राच्या 1959 च्या नियमांतल्या आदर्श स्थायी आदेशांत (म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत) तर तीन महिन्यांची अखंड सेवा झाली की सात दिवसांत लेखी आदेशाने कायम करायला सांगितलं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. त्यामुळे तुमच्या कारखान्याला आज कोणते स्थायी आदेश लागू आहेत, ते आमच्याकडून तपासून घ्या.

मुदत वाढवायची असेल, तर ती संपण्याआधी लेखी कळवा आणि काय सुधारायला हवं तेही लिहा. त्या माणसालाही घरभाडं, मुलांची शाळा ठरवायची असते. त्याला सहा-सहा महिने लोंबकळत ठेवणं बरं नव्हे. प्रोबेशन लांबत 240 दिवसांपुढे गेलं, तर कामगार कपातीच्या तरतुदींचाही प्रश्न उभा राहतो.

काम पसंत पडलं नाही तर

"प्रोबेशनच्या काळातील आपले काम समाधानकारक न आढळल्याने आपणास कायम करता येत नाही." पत्रात एवढं पुरे. "आपण साहित्य चोरले" असं लिहिलंत, तर तो त्या माणसावर लावलेला डाग ठरतो. मग चौकशी न करता काढलं म्हणून आदेश टिकणं अवघड होतं. चोरीचा संशय खरोखरच असेल, तर रीतसर चौकशी करा आणि त्याला बाजू मांडू द्या. काढलं काय किंवा त्याने स्वतः सोडलं काय, वेतन संहितेनुसार पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा आहे.

उमेदवाराच्या चारित्र्य पडताळणीत कधी "प्रोबेशनवर सुटका" असा शेरा दिसतो. त्याचा नोकरीच्या प्रोबेशनशी संबंध नाही. 1958 च्या अपराधी परिविक्षा कायद्याखाली न्यायालय दोषी व्यक्तीला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. गरज वाटल्यास परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवतं. सावरण्याची संधी म्हणून दिलेली ही सुटका आहे. तेवढा शेरा पाहून अर्ज बाजूला टाकू नका, माणसाशी बोला.

नवा माणूस रुजू होईल त्याच दिवशी आधार, बँक पासबुकाची प्रत, जुना यूएएन (पीएफचा खाते क्रमांक) असल्यास तो आणि दोघांच्या सह्यांचं नेमणूकपत्र आम्हाला पाठवा. नेमणूकपत्र आता प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे. मराठी नमुना आमच्याकडे तयार आहे. मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही फोन करू. तेव्हा कायम, मुदतवाढ की नकार एवढं सांगा, पत्र आम्ही तयार करून देऊ.