मिठी नदी पूरनियंत्रण योजना

मुंबईतील मिठी नदीचे पात्र रुंद व खोल करणे, काठांना संरक्षक भिंती बांधणे आणि नदीत सुटणारे सांडपाणी वळवणे यांसाठी 2005 पासून चालू असलेली कामे. विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून निघणारी ही सुमारे 18 किमी लांबीची नदी मरोळ, साकीनाका, कुर्ला असा प्रवास करत माहीमच्या खाडीला मिळते. मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला वाट काढावी लागते, आणि भरावावर उभ्या वांद्रे-कुर्ला संकुलाने तिचे मुख आवळले आहे.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला. त्या दिवशीपर्यंत मिठीला नाला समजणाऱ्या शहराला ती नदी असल्याचे तेव्हा कळले. लगोलग मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीने पुराच्या कारणांचा शोध घेतला. काम मात्र दोघांत वाटले गेले: वरचा 11.84 किमीचा भाग महापालिकेकडे, खालचा 6 किमी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए). पाणी अशी हद्द मानत नाही.

पैशाचा घोळ त्याहून जुना. 1985 च्या पुरानंतर पर्जन्यजलवाहिन्यांसाठी ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल तयार झाला. 1993 मध्ये त्याचा अंदाजित खर्च 616 कोटी रुपये होता. ताशी 25 मिमी पाऊस वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची क्षमता 50 मिमीपर्यंत न्यायची होती. अहवाल बराच काळ पडून राहिला. केंद्राने सुमारे 1,200 कोटी मंजूर केले ते 2007 मध्ये, म्हणजे शहर बुडून गेल्यावर. तोवर मूळ अंदाज कागदावरच कालबाह्य झाला होता. पावसाचे पाणी उपसून समुद्रात टाकणाऱ्या ठरलेल्या आठ उदंचन केंद्रांपैकी मोगरा आणि माहुल ही दोन जागेच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे अडकली.

निधी मिळाला तरी काठ मोकळा होत नाही, ही या योजनेची खरी अडचण. काठावर झोपड्या, भंगाराची गोदामे आणि कारखाने. खालच्या भागात तिवरे (खारफुटी), ज्यांना हात लावायला उच्च न्यायालयाची परवानगी हवी. पुनर्वसनाची घरे देता आली नाहीत की भिंत तेवढ्या तुकड्यात तुटते. पाणी नेमके तिथूनच वस्तीत शिरते. मोठी भरती असेल तर खाडी पाणी घेतच नाही. कुर्ल्याच्या क्रांतीनगरातील रहिवाशांना पाणी इशारा पातळीला लागले की पालिकेच्या शाळेत हलवतात. ऑगस्ट 2025 मध्ये पातळी 3.9 मीटरला पोहोचली तेव्हाही हेच झाले.

दरवर्षी न चुकता होते ते गाळ काढण्याचे काम. डंपर वजनकाट्यावर तोलायचा, गाळ मुंबईबाहेरच्या खासगी जमिनीवर टाकायचा, मग देयक, अशी पद्धत. पण काढलेला गाळ पुढच्या पावसात मोजता येत नाही, त्यामुळे सारी भिस्त कागदांवर. मे 2025 मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला तो याच कागदांवरून: गाळ टाकण्याच्या जमिनींचे करार बनावट असल्याचा आणि पालिकेला सुमारे 65 कोटींचा फटका बसल्याचा आरोप त्यात आहे.