पी-बास आणि जे-बास: दिसायला भावंडे, हाताला निराळे

नवीन बास गिटार घ्यायला दुकानात गेलेल्या माणसाला भिंतीवर टांगलेली जी वाद्ये दिसतात, त्यांतली बरीचशी, त्यांवर नाव कोणत्याही कंपनीचे असो, दोनच साच्यांतून निघालेली असतात. एक साचा फेंडरच्या प्रिसिजन बासचा आणि दुसरा त्याच कंपनीच्या जॅझ बासचा. वाजवणारी मंडळी त्यांना पी-बास आणि जे-बास म्हणतात आणि ऐकणाऱ्याला हा फरक ठाऊक आहे असे गृहीत धरून पुढे बोलू लागतात. नवख्याची पंचाईत इथेच होते, कारण दोन्हींना चार तारा आहेत, दोन्हींच्या तारा ई, ए, डी, जी अशाच लावलेल्या असतात, नटपासून (दांडीच्या टोकाची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरची घोडी) तारेची लांबी दोन्हींत ३४ इंच आहे आणि दोन्हींची नेक, म्हणजे लांब दांडी, बॉडीला मागून स्क्रूने जोडलेली असते. तीन महिन्यांपूर्वी मी पी-बास घेतला. त्याआधीचे दीड महिने मी जे-बासच घ्यायचा असे ठरवून बसले होते. निर्णय का फिरला हे सांगताना या दोहोंतला फरकही आपोआप सांगून होईल.

आधी नावांचा घोळ निस्तरायला हवा, कारण ती दोन्ही नावे दिशाभूल करणारी आहेत. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा, तेव्हा पी-बास हा जे-बासपेक्षा अधिक अचूक असणार, असा समज मी स्वतः बाळगून होते. वास्तविक ही तुलना जे-बासशी नव्हतीच. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे १९५१ साली हे वाद्य बाजारात आणले, तेव्हा बास म्हणजे उभ्याने वाजवायचा, माणसाहून उंच असा डबल बास. त्याला पडदे नसल्यामुळे सूर नेमका लागणे हे सर्वस्वी वादकाच्या कानावर आणि बोटावर अवलंबून असे. नव्या वाद्याला फ्रेट, म्हणजे पडदे, होते, बोट फ्रेटच्या मागे टेकले की सूर जागेवर, आणि अचूकपणा म्हणायचा तो एवढाच. जॅझ बास १९६० साली आला. १९५८ च्या जॅझमास्टर गिटारसारखीच त्याची कंबर तिरकी होती आणि जॅझ वाजवणाऱ्यांना तो आवडेल अशी कंपनीची अपेक्षा होती. पण पुढे रॉक, फंक आणि सोल वाजवणाऱ्यांनीच त्याला उचलून धरले. तेव्हा जॅझ वाजवायचा नसेल तर जॅझ बास कशाला, हा प्रश्न मनातून काढून टाकलेला बरा.

हातात घेतल्यावर पहिला फरक जाणवतो तो नेकच्या रुंदीचा. नटपाशी जे-बासची नेक दीड इंच, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर असते. आजच्या पी-बासची साधारण ४१ ते ४२. तीन-चार मिलिमीटर हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो, पण पहिल्या फ्रेटवर ई तारेचा एफ दाबायला तर्जनी वळवली की तो तळहाताला कळतो. मात्र एक गोष्ट मला दुकानात कोणी सांगितली नाही आणि ती घरी पट्टी लावून मोजल्यावर लक्षात आली. ब्रिजपाशी दोन तारांमधले अंतर दोन्ही वाद्यांत जवळपास सारखेच, १९ मिलिमीटरच्या आसपास असते. याचा अर्थ जे-बासची नेक वरच्या टोकाला जास्त निमुळती होत जाते आणि रुंदीतला फरक पहिल्या चार-पाच फ्रेटांपुरताच ठळक राहतो. सातव्या फ्रेटच्या पुढे गेल्यावर डोळे मिटून वाजवले तर निदान मला तरी तो सांगता येत नाही. माझा हात लहान आहे. लहान हाताच्या माणसाने जे-बासच घ्यावा असा सल्ला सर्रास दिला जातो, तो मीही शिरसावंद्य मानला होता. प्रत्यक्षात डाव्या हाताचा अंगठा नेकच्या मागे कुठे आहे आणि मनगट किती दुमडले आहे, यावर सारे अवलंबून निघाले, आणि पंधरा दिवसांत मला रुंद नेकचे काही वाटेनासे झाले.

खरा फरक पिकअपमध्ये आहे, आणि तो नीट समजून घ्यायला थोडा वेळ द्यावा लागतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. वर लोखंडी तार थरथरली की वेटोळ्यात तेवढाच क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. तार मात्र सगळीकडे सारखी थरथरत नाही. ब्रिजजवळ ती जेमतेम हलते आणि तिथे मूळ सुराच्या मानाने वरचे स्वरांश जास्त ऐकू येतात, म्हणून आवाज टणक आणि काहीसा नाकातला येतो. नेकच्या बाजूला तीच तार मोठा झोका घेते आणि खर्ज भरदार येतो. तंबोऱ्याची तार घोडीजवळ छेडून पाहणाऱ्याला हे निराळे सांगायला नको. पिकअप जिथे बसवला असेल, तिथला आवाज त्या वाद्याचा स्वभाव ठरवतो.

पी-बासला एकच पिकअप आहे, पण तो दोन तुकड्यांत कापल्यासारखा दिसतो. सुरुवातीला तो सरळ, सलग होता. १९५७ मध्ये त्याचे दोन भाग करून ते मागेपुढे बसवण्यात आले. ई आणि ए या जाड तारांखालचा भाग नेककडे, तर डी आणि जी या बारीक तारांखालचा भाग ब्रिजकडे सरकलेला असतो. जे-बासला दोन अखंड पिकअप असतात, प्रत्येक चारही तारांखाली पसरलेला. त्यांतला एक साधारण पी-बासच्या पिकअपच्याच टापूत आणि दुसरा थेट ब्रिजच्या शेजारी. दुरून ओळखायची खूण हवी असेल तर हीच सर्वांत खात्रीची: तारांखाली एक तुटकी पट्टी दिसली तर पी, दोन समांतर पट्ट्या दिसल्या तर जे. बॉडीच्या आकारावर विसंबू नये, कारण इतर कंपन्या एकाचे पिकअप दुसऱ्याच्या आकारात खुशाल बसवतात.

जे-बासचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की एक गंमत होते. तारेची काही कंपने एका ठिकाणी वर जात असतात तेव्हा दुसऱ्या ठिकाणी खाली येत असतात. दोन्ही आवाज एकत्र झाले की ती एकमेकांना खोडून काढतात, आणि मधल्या पट्टीचा, म्हणजे फार खालच्याही नाहीत आणि फार वरच्याही नाहीत अशा स्वरांशांचा, बराच भाग गळून जातो. उरतो तो खालचा गरगरीत खर्ज आणि वरचा लखलखीत कडकपणा. एकट्याने वाजवताना हा आवाज विलक्षण देखणा वाटतो. अंगठ्याने तार ठोकून वाजवायच्या स्लॅप पद्धतीला तो फार शोभतो आणि बासवादक मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बास त्यासाठीच ख्यातनाम आहे. उलट नेककडचा पिकअप बंद करून फक्त ब्रिजकडचा ठेवला की जो गुरगुरणारा, बोलका सूर मिळतो, तो बासवादक जॅको पास्टोरियसने १९६२ च्या, फ्रेट काढून टाकलेल्या जॅझ बासवर अजरामर केला. पी-बासवर हा सूर काढायला जाऊ नये, तो तिथे नाहीच. पी-बासकडे मधली पट्टी भरपूर आहे, आणि बासवादक जेम्स जेमर्सनने डेट्रॉइटमध्ये मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर १९६२ चाच प्रिसिजन बास, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा आणि उजव्या हाताची एकच तर्जनी एवढ्या सामग्रीवर काय केले, ते ऐकल्यावर आणखी पिकअप हवा होता असे म्हणवत नाही.

आता गुणगुणीविषयी. जे-बासचा एकेक पिकअप एकाच वेटोळ्याचा असल्यामुळे तो भिंतीतल्या वायरिंगची, ट्यूबलाइटच्या चोकची आणि पंख्याच्या रेग्युलेटरची कुरकुर मुकाट्याने उचलतो. दोन्ही पिकअप सारख्याच प्रमाणात उघडे असतील तर ती एकमेकांत जिरते, कारण एकाचे वेटोळे आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट ठेवलेले असतात. एक जरा कमी केला की ती परत डोके वर काढते. पी-बासच्या दोन तुकड्यांत हीच उलटापालट कायमची करून ठेवलेली असल्याने तो बटण कुठेही असले तरी शांत राहतो. मैत्रिणीचा जे-बास आठवडाभर माझ्याकडे होता, तेव्हा ही गुणगुण मी सुरात मोजून पाहिली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. लहान अँपमधून तिची दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झच अधिक ऐकू येते. बासची मोकळी ‘जी’ तार ९८ हर्ट्झला बोलते. म्हणजे गुणगुण ‘जी’ सुराहून अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांश चढी, आणि ‘जी’ तार मोकळी सोडली की दोन्ही मिळून सेकंदाला दोन या गतीने हेलकावे खाऊ लागतात. तंबोरा लावताना जी लहर जाण्याची आपण वाट पाहतो, अगदी तीच. फरक एवढाच की इथे ती घालवायला खुंटी पिळून भागत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तिकडच्या वादकाला हा त्रास ‘जी’ सुरावर होत नसेल. तारांना बोट लावले की आवाज बराच उतरतो, कारण ब्रिज आतून अर्थला जोडलेला असतो. पण ज्या जुन्या इमारतीत अर्थिंगच धड नाही तिथे त्यावरही भरवसा ठेवता येत नाही.

बटणांचे फार सांगण्यासारखे नाही. पी-बासला एक आवाजाचे आणि एक टोनचे. जे-बासला प्रत्येक पिकअपचे एकेक आवाजाचे आणि दोहोंत मिळून एक टोनचे. जे-बासच्या दोनपैकी एक बटण दहावरून आठवर आणले तरी गळालेली मधली पट्टी परत येऊ लागते, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण पुष्कळ जण दोन्ही बटणे पूर्ण उघडी ठेवून त्या एकाच सुरावर जे-बासला जोखतात.

माझा निर्णय फिरला तो तालमीच्या खोलीत. आमच्या गटात एक कीबोर्ड, एक गिटार, ऑक्टापॅड आणि ढोलकी आहे. गणेशोत्सवाच्या आणि लग्नाच्या कार्यक्रमांत बासचे काम आजवर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे होते. दुकानात ज्या जे-बासने मला भारून टाकले होते, तसाच मैत्रिणीचा जे-बास घेऊन मी तालमीला गेले आणि दोन्ही पिकअप उघडे ठेवून वाजवू लागले. खालचा खर्ज ढोलकीच्या धुमात मिसळून गेला, वरचा कडकपणा कीबोर्डने आणि झांजेने झाकला, आणि मधली पट्टी तर मीच पिकअप जुळवून घालवली होती. दादा, म्हणजे आमचे ढोलकीवाले, पहिले गाणे झाल्यावर म्हणाले, "ताई, बोटं हलताना दिसतात, पण ऐकू काही येत नाही." पुढच्या आठवड्यात भाड्याने आणलेला पी-बास त्याच अँपला, त्याच जागी जोडला, तेव्हा त्यांनी काही म्हटले नाही, फक्त माझ्या पहिल्या ठोक्यावर त्यांचा ठोका येऊन बसू लागला. नेककडचा पिकअप एकटा ठेवला असता तर जे-बासनेही बरेचसे हेच काम केले असते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. पण मग दुसऱ्या पिकअपचे पैसे कशासाठी, असा हिशेबी विचार मनात आला.

दोन्ही हवेसे वाटणाऱ्यांसाठी पीजे नावाचा तिसरा प्रकार मिळतो. त्यात पी-बासचा तुटका पिकअप जागेवर असतो आणि ब्रिजपाशी जे-बासचा एक जादा बसवलेला असतो. तोही मी वाजवून पाहिला. दोन्ही पिकअप एकत्र केल्यावर पी-बासचा भरणा पातळ होतो आणि जे-बासची लखलख पुरती येत नाही, असे माझे मत झाले. इतरांचे वेगळे असू शकेल.

घरी आलेल्या नव्या पी-बासने पहिल्या दिवशी निराशच केले, आणि त्यात वाद्याच्या जातीचा काही दोष नव्हता. दुकानाने सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि सूर यांची जुळणी, करून दिला आहे असे सांगितले होते, पण बाराव्या फ्रेटवर ई तार साडेतीन मिलिमीटर उंच होती आणि वीस मिनिटांत करंगळी दुखू लागली. ओळखीच्या कारागिराने ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई) पाव फेरा आवळला, सॅडल (ब्रिजवरचे, तार टेकते ते तुकडे) उतरवून ती उंची अडीचवर आणली, बाराव्या फ्रेटचा सूर ट्यूनरवर जुळवून दिला, आणि वाद्य अक्षरशः दुसरे झाले. ही तयारी होण्याआधी दोन वाद्यांची तुलना करणे व्यर्थ आहे. दुकानात मला जे-बास जो सुसाट वाटला होता, त्यातला निम्मा भाग त्याच्या तारा खाली होत्या एवढाच असावा. दुसरी गोष्ट, ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एक सूर लवकर विझतो. तो माझ्या पी-बासवर आहे आणि मैत्रिणीच्या जे-बासवरही आहे. लाकडी नेकच्या स्वतःच्या कंपनामुळे तसे होते आणि त्यासाठी वाद्य परत करायला धावू नये.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर हवेतल्या दमटपणाने माझ्या नेकला किंचित बाक आला आणि तारा पुन्हा वर गेल्या. मैत्रिणीच्या जे-बासचेही त्याच आठवड्यात तसेच झाले. आम्ही दोघींनी एकाच पान्याने, एकाच दुपारी, पाव-पाव फेरा दिला, आणि तिचा जे-बास मी तेवढ्यापुरता मांडीवर घेतला तेव्हा पहिल्या फ्रेटवर बोटे सवयीने जरा जास्तच लांब पसरली.