खडा आणि गणंग: दाताखाली येणारे दोन वेगळे दोषी

शिजवलेल्या कडधान्याच्या घासात काही कडक लागले की बोल सहसा निवडणाऱ्याला लावला जातो. तो खडा असेल तर बोल रास्त आहे. गणंग, म्हणजे भिजवूनही न फुगणारा दाणा असेल, तर कितीही डोळ्यांत तेल घालून निवडले असते तरी तो बहुधा सुटलाच असता.

खडा बाहेरून, मळणीच्या वेळी जमिनीवरून धान्यात येतो. पाखडल्याने धूळ, फोल आणि काड्या उडून जातात, परंतु दाण्याएवढा खडा जड असल्यामुळे मागेच राहतो. म्हणून कडधान्य फिक्या रंगाच्या ताटात एका थरात पसरून, भरपूर उजेडात, थोडे थोडे पुढे सारत निवडावे लागते. धुताना खडा बुडेल आणि दाणे वर राहतील, अशी काहींची समजूत असते. प्रत्यक्षात निरोगी दाणाही बुडतो आणि तरंगतात ते बहुतांशी किडलेले, पोकळ दाणे. सारख्या आकाराचा खडा दाण्याच्या सुमारे दुप्पट जड असतो, एवढाच फरक उपयोगी पडतो. रोळताना पाणी गोल हलवत दाणे दुसऱ्या भांड्यात हळूहळू ओतून घेतले, तर खडे तळाशी उरतात. शेवटचे मूठभर दाणे मात्र बोटांनी चाचपून पाहावेत. मातीचे बारीक ढेकूळ पाण्यात विरून सगळे पाणी गढूळ करते, त्यामुळे ते कोरडेपणीच वेचलेले बरे.

गणंग किंवा कुचर दाणा हा मात्र अस्सल दाणाच असतो. त्याचे टरफल पाणी आत शिरू देत नाही. असे दाणे निसर्गतःच असतात आणि बी फार कोरडे झाले की त्यांचे प्रमाण वाढते. बी म्हणून तो मेलेला नसतो; टरफलावर ओरखडा काढला तर तो पाणी शोषून रुजूही शकतो. कोरड्या ढिगात तो इतरांसारखाच दिसत असल्यामुळे तेथे शोधणे व्यर्थ आहे. रात्रभर भिजवलेले मूग पाहिले, तर फुगून टरफल तडकलेल्या दाण्यांमध्ये एखादा लहान, गुळगुळीत, चकचकीत मूग जसाच्या तसा राहिलेला दिसतो आणि ताटात टाकला की टण्‌कन वाजतो. गणंग वेचण्याची खरी वेळ हीच, आणि माझ्या मते निवडण्याची ही दुसरी फेरी अनेक जण विनाकारण गाळतात.

सगळेच दाणे फुगूनही शिजत नसतील, तर ते गणंग नव्हेत. उष्ण, दमट जागी फार दिवस राहिलेले ते जुने कडधान्य असते आणि तेथे निवडून काही साधत नाही. टरफल काढलेल्या डाळीत गणंगाचा प्रश्नच येत नाही. तिथे कडक लागले तर तो खडाच असण्याची शक्यता अधिक.