मुरूम : आनुवंशिक व जीवनशैलीविषयक जोखीम घटक

(तारुण्यपिटिका). पौगंडावस्थेत पुरुषसंप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथींचा स्राव वाढतो, केसांच्या पुटकांची तोंडे बुजतात व तेथे ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्ने’ हा जंतू वाढून दाह होतो. हा क्रम बहुतेकांत सारखाच असला, तरी विकाराची तीव्रता व्यक्तिपरत्वे खूप बदलते. सुश्रुतसंहितेत (काळ विवाद्य) तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यासारख्या ‘मुखदूषिकां’चे वर्णन क्षुद्ररोगांत (किरकोळ विकारांत) येते, वयाशी असलेला संबंध तेव्हाच लक्षात आलेला दिसतो.

आईवडिलांना तीव्र मुरूम असल्यास मुलांना ते लवकर व जास्त प्रमाणात येण्याचा संभव असतो. ब्रिटनमधील जुळ्या स्त्रियांच्या पाहणीत (२००२, एकाच फलित अंड्यापासून झालेल्या म्हणजे एकयुग्मजी ४५८ व दोन अंड्यांपासून झालेल्या म्हणजे द्वियुग्मजी ४०० जोड्या) मुरमांच्या प्रमाणातील सु. ८१ टक्के तफावत आनुवंशिक ठरली. हा आकडा त्या समूहातील तफावतीचा आहे. एखाद्या व्यक्तीचे मुरूम तितके टक्के आनुवंशिक, असा त्याचा अर्थ लावणे बरोबर नाही. एकच जनुक कारणीभूत नसून अनेकांचा थोडाथोडा वाटा असतो.

आहाराविषयी मतभेद आहेत. चॉकलेटचा संबंध नाही, असे १९६९ मधील अमेरिकी प्रयोगावरून दीर्घकाळ मानले गेले. पण त्यात तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर व स्निग्धांश जवळपास तेवढेच होते, त्यामुळे तो निष्कर्ष आता निर्णायक मानत नाहीत. २००२ मध्येच अमेरिकी संशोधक लॉरेन कॉर्डेन व सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतील किटाव्हा बेटावरील १,२०० व पॅराग्वेतील आचे जमातीच्या ११५ व्यक्ती तपासल्या. एकीलाही मुरूम आढळले नाहीत. दोन्हीकडे मैदा व साखरेसारखे प्रक्रिया केलेले पदार्थ अत्यल्प होते. जुळ्यांच्या पाहणीशी याचा विरोध मानण्याचे कारण नाही : आहार सर्वांचा सारखाच असेल, तर उरलेली तफावत आनुवंशिकच दिसणार. रक्तशर्करा झपाट्याने वाढवणाऱ्या अन्नामुळे इन्शुलीन व त्यासारखा वृद्धिघटक वाढून तैलग्रंथी उत्तेजित होतात, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. ऑस्ट्रेलियातील १२ आठवड्यांच्या चाचणीने (२००७) त्याला पुष्टी मिळाली. दुधाने मुरूम वाढतात, याविषयीचा पुरावा मुख्यतः निरीक्षणात्मक, काही अंशी जुन्या आहाराच्या आठवणींवर आधारलेला आहे.

धूम्रपानाविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. आधीच असलेले मुरूम मानसिक ताणाने वाढू शकतात. कपाळावर उतरणारे केसांचे तेल, घट्ट हेल्मेटपट्टा आणि गोरेपणासाठी सल्ल्याविना लावलेली स्टेरॉइडयुक्त मलमे हेही घटक असून, यांतील शेवटचा भारतात विशेष आढळतो. मात्र अस्वच्छता हे कारण नव्हे. वारंवार चेहरा घासल्याने दाह वाढतो.