लोकप्रिय संस्कृतीचे स्त्रीवादी वाचन

सिनेमा, मालिका, जाहिराती, लावणी, सण-मिरवणुका यांतून बाईपण आणि पुरुषपण कसे घडते आणि त्यात कोणाचे हित सांभाळले जाते, हे तपासण्याची अभ्यासपद्धती.

तिचे धागे अनेक. जर्मन विचारवंत अडोर्नो आणि हॉर्कहायमर यांनी 1940च्या दशकात करमणुकीला ‘संस्कृती-उद्योग’, म्हणजे कारखान्यातल्या मालासारखी साचेबंद बनवून विकली जाणारी संस्कृती, म्हटले. प्रेक्षक मिळालेला अर्थ मुकाट गिळत नाही, हे ब्रिटनमधील संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी 1973 मध्ये मांडले. कॅमेऱ्याची ‘पुरुषी नजर’, म्हणजे बाईला पुरुषाने पाहायची वस्तू बनवणारी मांडणी, चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी 1975 मध्ये दाखवून दिली, तर ही नजर नाकारणाऱ्या कृष्णवर्णीय प्रेक्षक स्त्रियांकडे अमेरिकी लेखिका बेल हुक्स यांनी लक्ष वेधले. महाराष्ट्रात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाड्याचा अभ्यास करताना जातीला मध्यभागी आणले. नागपुरात बसून हे वाचन करताना तर जात वगळताच येत नाही. 20 जुलै 1942 रोजी याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली आणि तिने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला. ‘स्त्री’ म्हणून सरसकट एकच अनुभव गृहीत धरला, की हा सगळा इतिहास बाहेर राहतो.

हाताशी असलेले उत्तम उदाहरण म्हणजे मारबत, नागपुरात मिरवणुकीने निघणारा बाईचा मोठा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी मारबत इतवारीतून आणि पिवळी जगनाथ बुधवारीतून निघते. दोन्ही परंपरा 1880च्या दशकापासूनच्या. काळीचा संबंध इंग्रजांना साथ दिल्याचा ठपका असलेल्या, नागपूरच्या भोसले राजघराण्यातील बांकाबाई भोसले यांच्याशी जोडला जातो. पिवळीचे दर्शन मात्र लोक श्रद्धेने घेतात. शेवटी दोघींचेही दहन होते. सोबत बडग्ये, म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात.

आता घोषणा ऐका: ‘इडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ यातला ‘गे’ बाईला हाक मारतो. बडग्याच्या गळ्यात त्या वर्षीचा आरोप लटकतो: महागाई, भ्रष्टाचार, एखादा पुढारी. तो दरवर्षी बदलतो. मारबतीला असा चालू वर्षाचा आरोप लागत नाही. ती दरसाल तीच. पुरुषाचा पुतळा एका कृत्यासाठी जळतो, बाईचा पुतळा मात्र सगळ्या गावची पीडा पोटात घेऊन जातो. स्त्रीवादी वाचन सुरू होते ते या फरकापासून. पण ते इथेच थांबवले तर अर्धवट राहते, कारण पिवळीपुढे हात जोडणाऱ्या बाईला तिथे राक्षसीण दिसत नाही, पीडा नेणारी, राखणारी दिसते. दोन्ही अर्थ एकाच मिरवणुकीत नांदतात.

कामाची रीत साधी, पण चिकाटीची. तुकडा लहान घ्यावा: एक गाणे, मालिकेचा एक भाग, मिरवणुकीचा एक चौक. चित्रफीत असेल तर ती तीनदा पाहावी. एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे न पाहता फक्त ऐकून, एकदा नेहमीसारखी. पहिल्या नोंदीत विशेषणे नकोत. कोण किती वाक्ये बोलते, कॅमेरा चेहऱ्यावर किती वेळ आणि कमरेवर किती वेळ, बाईच्या बोलण्याने पुढे काही घडते का, हे मोजावे. मिरवणुकीत पुतळ्याच्या कामट्या कोण बांधते, वर्गणी कोण गोळा करते, बाया रस्त्यावर किती आणि गच्चीवर किती, हे वेळेसह लिहावे. घोषणा जशीच्या तशी टिपावी. ती ‘सुधारून’ लिहिली तर तो ‘गे’ हमखास गळतो आणि पुरावाच जातो. सिद्धांत त्यानंतर आणावा.

बिघडते ते बहुधा घाईने. निष्कर्ष आधी ठरवून दाखले वेचले, की प्रत्येक गाणे एकसारखेच दोषी ठरते. ‘अश्लील’ हा शब्द आला की टीका सोवळेपणाकडे घसरते आणि त्याचा फटका नाचणाऱ्या कलावंतिणीला बसतो, पैसे लावणाऱ्याला नाही. तिसरी चूक प्रेक्षक बायांना भोळ्या समजण्याची. त्यांच्याशी बोलतानाही ‘तुम्हाला हे कसे वाटते?’ असे विचारले तर ‘छान वाटते, आपली परंपरा आहे’ एवढेच पदरात पडते. त्याऐवजी मागच्या वर्षी मारबत कुठून पाहिली, सोबत कोण होते, किती वेळ थांबलात, घरी परतायची घाई कशामुळे झाली, असे विचारावे. मग बोलणे आपोआप स्वयंपाकावर, गर्दीतल्या धक्क्यांवर, सासरच्या परवानगीवर येते.