पैसे भरले, तरी सदस्यत्वाची मुदत जुनीच? दुरुस्तीचा अर्ज असा करा

एखाद्या संकेतस्थळाचं सशुल्क सदस्यत्व चालू आहे की संपलं, हे खात्यावर नोंदलेल्या मुदतीच्या तारखेवरून ठरतं. पावती हातात असली तरी ती तारीख पुढे सरकली नसेल, तर लॉगिन होऊनही सदस्यांसाठीची पानं उघडत नाहीत. म्हणून नूतनीकरण झालं की लगेच ‘माझे खाते’ विभागात जाऊन नवी तारीख बघून घ्यावी.

घोळ बहुतेक वेळा मोजणीत होतो. समजा मुदत ३० जूनला संपतेय आणि तुम्ही १० जूनलाच वर्षाचे पैसे भरलेत. उरलेले २० दिवस धरले, तर नवी मुदत पुढच्या वर्षीच्या ३० जूनला संपायला हवी. काही ठिकाणी मात्र पैसे भरल्या दिवसापासून वर्ष मोजतात आणि ते २० दिवस बुडतात. नियमांत तसं लिहिलेलं असेल तर वाद घालून फारसं हाती लागत नाही. मासिक सदस्यत्व ३१ जानेवारीला घेतलं, तर फेब्रुवारीत पैसे सहसा २८ किंवा २९ तारखेला कापले जातात. ती चूक नव्हे. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर मुदत तुमच्या घड्याळापेक्षा काही तास आधी किंवा उशिरा संपू शकते.

अर्ज खातेधारकानेच, नोंदणी केलेल्या ईमेलवरून करावा. संस्थेचं सदस्यत्व असेल तर खात्याच्या ॲडमिनने. त्याआधी एक गोष्ट तपासा: पैसे भरताना दुसऱ्याच ईमेलने लॉगिन केलं नव्हतं ना? मग मुदत त्या खात्यावर वाढलेली असते आणि इथे आपण उगाच हैराण!

अर्ज चार ओळींचा पुरे: ‘माझ्या खात्याचं वार्षिक नूतनीकरण १० जून रोजी केलं. व्यवहार क्रमांक व पावती सोबत आहे. खात्यावर अजून जुनीच मुदत दिसते. कृपया दुरुस्त करून लेखी कळवावे.’ सोबत व्यवहार क्रमांक, पावतीची पीडीएफ आणि तारीख दिसेल असा खात्याचा स्क्रीनशॉट. कार्डाचे शेवटचे चार अंक विचारले तर द्या; पूर्ण क्रमांक, सीव्हीव्ही किंवा ओटीपी कोणीही मागितला तरी नाही.

सदस्यत्व ॲप स्टोअर किंवा गुगल प्लेमधून घेतलं असेल, तर ते रद्द करायचं तिथूनच. ॲप काढून टाकलं म्हणून सदस्यत्व रद्द होत नाही.

तारीख दुरुस्त झाल्याचं उत्तर आलं की एकदा लॉगआउट करून पुन्हा आत या. नूतनीकरण हाताने केलं असेल तर ऑटो-रिन्यूअल चालू राहिलंय का, तेही बघा. नाहीतर जुन्या तारखेला पुन्हा पैसे कापले जायचे.