बर्फाच्या ठिगळाखालचा खडक

मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या वर गेला, की आमच्या गल्लीतली कितीतरी मंडळी मनालीची वाट धरतात. त्यांच्या रोहतांगच्या फोटोंमध्ये मी माणसांच्या मागचं बघतो: उतारावर उरलेली मळकट बर्फाची ठिगळं आणि त्यांच्या कडेचा काळा, गच्च ओला चिखल. डोंगर झिजतो तो त्या चिखलाच्या पट्ट्यात.

हिमनदी सरकते, खडक घासत जाते. ठिगळ मात्र एका जागी बसून काम करतं. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या बिगहॉर्न डोंगरांचा अभ्यास करताना भूशास्त्रज्ञ फ्रान्सवा मॅथेस यांनी १९०० साली या क्रियेला ‘निव्हेशन’ असं नाव दिलं.

गेल्या उन्हाळ्यात मी कच्च्या भाजणीच्या विटेचा तुकडा भिजवून रात्री फ्रीजरमध्ये ठेवायचो, दुपारी गच्चीवर वितळवायचो आणि पुन्हा भिजवायचो. ताटलीत रोज थोडी लाल भुकटी पडे. सहाव्या दिवशी कोपराच निखळला. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. शिवाय फटीतला बर्फ आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून घेतो आणि वाढत वाढत खडक फाकवतो.

पण जाड बर्फाखाली हे फारसं घडत नाही. तिथे बर्फ दुलईसारखा खडकाला थंडीच्या चढउतारांपासून जपतो. झीज होते ती कडेला, जिथे दिवसा पाणी झिरपतं आणि रात्री गोठतं. उन्हाळाभर कड मागे सरकते, त्यामुळे प्रत्येक पट्ट्याची पाळी येते. सुटलेली माती वितळपाणी वाहून नेतं, आणि मला हेच काम सगळ्यात मोठं वाटतं. कॉलिन थॉर्न यांनी कोलोरॅडोत मोजमापं केली (१९७६), तेव्हा ठिगळांमुळे मातीची वाहतूक सुमारे दहापट, तर रासायनिक विदारण (पाण्याच्या रासायनिक क्रियेने खडक कुजणं) दोन ते चार पट वाढलेलं आढळलं.

खळगा खोल झाला की पुढच्या हिवाळ्यात वाऱ्याने उडालेलं हिम त्यातच जास्त साठतं, जास्त दिवस टिकतं, आणि खळगा आणखी पोखरला जातो. उत्तर गोलार्धात सावलीच्या उत्तर-पूर्व उतारांवर असे खळगे जास्त. हिम साठून, दबून, घट्ट बर्फ होऊन सरकू लागलं, की त्याच खळग्याचं हिमगव्हर, म्हणजे हिमनदीने कोरलेला वाडग्यासारखा मोठा खळगा, होऊ शकतं.

आपल्या विदर्भानेही बर्फ पाहिला आहे. चंद्रपूरजवळ इरई गावापाशी पैनगंगेच्या पात्रात ओरखडे पडलेला चुनखडक आहे. भूशास्त्रज्ञ फेडन यांनी १८७५ साली त्याची नोंद केली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाने तो घासला. ओरखडे हिमनदीचे आहेत, ठिगळाचे नव्हेत. ठिगळाची खूण म्हणजे मऊ खळगा आणि वाहून गेलेली माती. ती इतकी वर्षं टिकणं फार अवघड.